२२ वॅटच्या ट्यूब ॲम्पमधून लखलखीत क्लीन टोन कसा काढावा? आवाज एकतर फाटतो, नाहीतर मंद होतो

कोथरूडची_तार

नमस्कार मंडळी,

अकरा वर्षे ट्रान्झिस्टरच्या ॲम्पवर वाजवल्यानंतर यंदा दिवाळीला माझ्या थोरल्या भावाने अमेरिकेहून येताना माझ्यासाठी एक ट्यूब ॲम्प (काचेच्या नळ्यांवर चालणारा गिटारचा ॲम्प्लिफायर) आणला. फेंडर कंपनीच्या साठच्या दशकातील डिलक्स रिव्हर्बचा आराखडा समोर ठेवून तिकडच्या एका कारागिराने तो हाताने बांधला आहे. दोन ६व्ही६ पॉवर ट्यूब, एक १२ इंची स्पीकर, स्प्रिंगचा रिव्हर्ब आणि सुमारे २२ वॅटची ताकद, असे त्याचे स्वरूप आहे. मी भावगीतांच्या एका संचात साथ करतो. तबला, हार्मोनियम, कीबोर्ड आणि दोन गायक असे आम्ही आहोत. गाण्याच्या ओळींमधल्या जागा भरताना प्रत्येक स्वर सुटा आणि टपोरा यावा, आणि कॉर्ड छेडल्यावर सहाही तारा वेगवेगळ्या ओळखू याव्यात, एवढ्यासाठीच हा ॲम्प मला हवा होता.

अडचण अशी आहे की व्हॉल्यूम ४ च्या पुढे नेला की खालच्या मोकळ्या ई तारेवर आवाज फाटतो. व्हॉल्यूम २ वर आणला तर फाटत नाही, परंतु गिटारवर कोणीतरी गोधडी टाकल्यासारखा मंद होतो. म्हणून मी ट्रेबल ८ वर नेला, तेव्हा आमचे तबलजी म्हणाले की कानात सुई टोचल्यासारखे होत आहे. मला मात्र त्याच वेळी, त्याच खोलीत, आवाज अजूनही मंदच वाटत होता. गिटारचा व्हॉल्यूम ७ वर आणून पाहिला, त्यानेही चमक गेली. गिटारला दोन हंबकर (दुहेरी वेटोळ्याचे पिकअप, म्हणजे तारांचे कंपन विजेच्या संकेतात बदलणारे भाग) आहेत. ॲम्पपर्यंत ६ मीटरची एक केबल, मध्ये आवाजात बदल करणारे चार पेडल आणि पुन्हा ६ मीटरची दुसरी केबल आहे. नळ्या बदलाव्यात का, स्पीकर बदलावा का, की माझ्या समजुतीतच चूक आहे? कृपया जाणकारांनी सविस्तर लिहावे.

जुना_रेडिओ

आपला प्रश्न फार नेमका मांडला आहे आणि त्यातच अर्धे उत्तर दडलेले आहे. मी चाळीस वर्षे व्हॉल्व्हचे रेडिओ आणि ॲम्प्लिफायर दुरुस्त केले. सुट्या भागांसाठी डोंबिवलीहून लॅमिंग्टन रोडच्या खेपा करण्यात उमेद गेली, तेव्हा अंदाजाने नव्हे तर अनुभवाने लिहितो.

या आराखड्यात व्हॉल्यूमच्या नॉबवर ४७ पिकोफॅरॅडचा एक छोटा कपॅसिटर कायमचा जोडलेला असतो. व्हॉल्यूम कमी असताना तो उंच कंपनसंख्येचा आवाज नॉबला वळसा घालून पुढे नेतो, त्यामुळे हा ॲम्प २ वर असताना उलट अधिक उजळ वाजला पाहिजे. आपल्याला तो २ वर मंद वाटतो, याचा अर्थ मंदपणा ॲम्पच्या पोटात नाही. तो ॲम्पच्या अलीकडे, म्हणजे गिटार आणि केबलमध्ये, किंवा पलीकडे, म्हणजे स्पीकर आणि आपल्या कानांमध्ये असला पाहिजे. ट्यूबला हात लावण्यापूर्वी ही दोन टोके तपासावीत.

अलीकडचे टोक आधी घेतो. गिटारच्या केबलमध्ये दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरॅड एवढी धारिता (वीज साठवण्याची क्षमता) असते. पिकअपचे वेटोळे आणि ही धारिता मिळून एक अनुनाद (एका ठराविक कंपनसंख्येला मिळणारा उठाव) तयार होतो, आणि त्या शिखरावर आवाजाला धार येते. नेहमीच्या हंबकरचे प्रेरकत्व ४.४ हेन्री धरले, तर ६ मीटर केबलवर हे शिखर ३,१०० हर्ट्झच्या आसपास येते. १२ मीटर केबल झाली की ते २,२०० हर्ट्झपर्यंत खाली घसरते, आणि चमक ज्या पट्ट्यात असते तो पट्टा त्याच्या वर राहून जातो. आपल्या चार पेडलांत एकही बफर (संकेताला बळ देऊन केबलचा परिणाम अडवणारे सर्किट) नसेल, तर दोन्ही केबलींची धारिता एकत्र मोजली जाते. पेडल काढून ३ मीटरच्या एकाच केबलने गिटार थेट ॲम्पला जोडून ऐकावे.

गिटारचा व्हॉल्यूम कमी केल्यावर चमक जाते, त्याचेही कारण हेच आहे. नॉब मागे घेतला की त्याचा रोध पिकअप आणि केबल यांच्या मध्ये येऊन बसतो, आणि केबलची धारिता ट्रेबलला जमिनीत वाट करून देते. यावर जुना उपाय असा की व्हॉल्यूमच्या नॉबच्या मधल्या आणि वरच्या टोकांदरम्यान ०.००१ मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर आणि १५० किलोओमचा रोध समांतर जोडावा. दोन्ही वस्तू काही रुपयांत मिळतात.

आता फाटण्याविषयी. संकेत वाढवणाऱ्या पहिल्या छोट्या नळीच्या, म्हणजे १२एएक्स७ ट्यूबच्या ग्रिडवर (संकेत शिरतो त्या जाळीवर) सुमारे दीड व्होल्टपर्यंतचा संकेत विनातक्रार मावतो. हंबकर जोरात छेडला तरी त्या मर्यादेपर्यंत तो क्वचितच पोहोचतो. संकेत पुढे वाढत वाढत ६व्ही६ पर्यंत जातो आणि त्या नळ्यांची २२ वॅटची शिदोरी तिथे संपते. तिच्यात सर्वांत मोठा वाटा खालचे स्वर खातात. आपण लिहिले आहे की मोकळ्या ई तारेवरच फाटते. ती तार ८२ हर्ट्झची आहे. बेसचा नॉब आपण कितीवर ठेवता, हे मात्र लिहिलेले नाही.

मडगावचो_गितारिस्त

रेडिओकाकांनी अलीकडचे टोक सांगितले, मी पलीकडच्या टोकाबद्दल लिहितो, कारण लग्नाच्या मांडवांत आणि चर्चच्या सभागृहांत वाजवताना मी हीच चूक कित्येक वर्षे केली आहे.

तबलजींना सुई टोचते आणि आपल्याला मंद वाटते, या एकाच वाक्यावर मी थांबलो. तबलजी जमिनीवर बसलेले असणार आणि आपण ॲम्पसमोर उभे असणार. १२ इंची स्पीकर खालचे स्वर चहूकडे पसरवतो, पण साधारण २,००० हर्ट्झच्या वरचे स्वर विजेरीच्या झोतासारखे समोर फेकतो. ॲम्प जमिनीवर असेल तर तो झोत आपल्या गुडघ्यांवर आदळतो आणि बसलेल्या माणसाच्या कानात शिरतो. आपण उभ्याने ऐकून ट्रेबल वाढवत नेता आणि समोरच्याचा छळ होतो. ॲम्प खुर्चीवर ठेवा किंवा मागे कलता करा, आणि कान स्पीकरच्या रेषेत आणून मगच नॉब फिरवा. फेंडरच्या मोठ्या ॲम्पना बाजूला जे कलते पाय असतात, ते याचसाठी आहेत.

आणखी एक गोष्ट. मंडपातल्या आवाजाला लावलेले नॉब घरच्या आवाजाला चालत नाहीत. आवाज हळू असला की आपल्या कानाला खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले आहे. घरी रात्री मनासारखा लावलेला टोन कार्यक्रमात घुमतो आणि टोचतो तो यामुळेच. म्हणून टोन ठरवायचा तो संचाबरोबर, कार्यक्रमाच्या आवाजातच.

आणि तारा कधी बदलल्या? आमच्या किनाऱ्यावर पावसाळ्यात उघड्या ठेवलेल्या तारा दोन आठवड्यांत मरतात. मेलेल्या तारेतून कोणताही ॲम्प चमक काढू शकत नाही.

कोथरूडची_तार

दोघांचेही मनापासून आभार. आज सायंकाळी खोलीत एकटा असताना सगळे करून पाहिले.

आधी नॉबांना हात न लावता स्पीकरसमोर जमिनीवर मांडी घालून बसलो आणि गिटार मांडीवर घेऊन एकच कॉर्ड छेडली. मला अक्षरशः मान मागे घ्यावी लागली. तबलजी दोन महिने हे सहन करत होते आणि मी त्यांना सांगत होतो की ॲम्प नवीन आहे, सवय होईल. उद्या त्यांची माफी मागणार आहे. ॲम्प लाकडी स्टुलावर चढवला आणि ट्रेबल ८ वरून ५ वर आणला, तरी मला पूर्वीपेक्षा अधिक उजळ ऐकू येते.

पेडल काढून ३ मीटरच्या केबलने जोडल्यावर दुसरा फरक पडला. वाऊंड (गुंडाळलेल्या) तारांवर नखाने ओरखडल्यावर जी बारीक खसखस येते, ती ॲम्पमधून मी पहिल्यांदा ऐकली. बेसचा नॉब ६ वर होता, तो ३ वर आणला. मोकळी ई आता ४ वर फाटत नाही, साडेचारला थोडी कुरकुरते. तारा भाऊबीजेच्या आधीच्या आहेत, उद्या बदलतो.

एक शंका राहिली. भावाने ॲम्पबरोबर जो कन्व्हर्टर आणला, तो तळहाताएवढा आणि अगदी हलका आहे. हे ठीक आहे का?

हडसनकाठ

कृपया तो कन्व्हर्टर लगेच काढून ठेवावा. मी न्यू जर्सीत राहतो आणि पुण्याला येता-जाता असे ॲम्प नेले आहेत. तळहाताएवढे हलके कन्व्हर्टर बहुधा इस्त्री किंवा केस वाळवण्याच्या यंत्रासाठी असतात. ते विजेची लाट चिरून देतात, आणि ॲम्पच्या ट्रान्सफॉर्मरला अशी चिरलेली लाट देणे धोक्याचे आहे. तांब्याच्या वेटोळ्यांचा, हाताला जड लागणारा, २३० चे १२० करणारा खरा स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर घ्यावा. आपल्या ॲम्पला ३०० व्हीएचा निर्धास्त पुरेल. स्टेप-डाऊनने व्होल्टेज बदलते, परंतु ५० हर्ट्झचे ६० होत नाहीत. केवळ ६० हर्ट्झसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर अधिक तापतो. तेव्हा तासभर वाजवल्यानंतर ॲम्पच्या मागे हात धरून पाहण्याची सवय ठेवावी.

क्लीन टोनचे म्हणाल तर माझ्याकडे फेंडरचा ट्विन रिव्हर्ब आहे. १९६३ साली आलेल्या या ॲम्पमध्ये चार ६एल६ पॉवर ट्यूब, दोन १२ इंची स्पीकर आणि सुमारे ८५ वॅट आहेत. ड्रमसमोरही तो फाटत नाही. पण त्याचे वजन तीस किलोच्या घरात आहे, आणि २२ वॅटच्या चौपट ताकद असूनही कानाला तो चौपट मोठा लागत नाही. ताकद दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात, आणि आवाज दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबल लागतात. भावगीतांच्या संचाला २२ वॅट पुरेसे आहेत, असे माझे ठाम मत आहे.

जुना_रेडिओ

हडसनकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. नवीन ट्रान्सफॉर्मर आल्यावर ॲम्प चालू असताना त्याच्या बाहेरचे व्होल्टेज मोजून कळवावे.

सप्तक_६

माझ्या अनुभवाने पहिली १२एएक्स७ काढून तिथे १२एवाय७ लावल्यास क्लीन टोन कितीतरी वाढतो. १२एएक्स७ चा गुणक (संकेत वाढवण्याचे प्रमाण) १०० आहे, १२एवाय७ चा ४४ च्या आसपास. पायांची रचना एकच असल्याने काही बदलावे लागत नाही. मी हे केल्यापासून व्हॉल्यूम ७ पर्यंत नेता येतो.

जुना_रेडिओ

आपण केलेला बदल सुरक्षित आहे आणि नॉब हाताळायला सोपा होतो, हे खरे. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्यावा, कारण या बाबतीत पुष्कळांची फसगत होते. पूर्वी जो आवाज ४ वर फाटत होता, तोच आता ७ वर फाटतो. पॉवर ट्यूब तितक्याच वॅटवर हात टेकतात, त्यामुळे स्वच्छ आवाजाची कमाल मर्यादा कानाला तेवढीच राहते. व्हॉल्यूमच्या नॉबवरचा आकडा आणि खोलीतला आवाज या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. शिवाय उजळपणाचा तो ४७ पिकोफॅरॅडचा कपॅसिटर नॉब वर गेला की निष्प्रभ होतो, तेव्हा ७ वर आपल्याला थोडी चमक गमवावी लागत असणार.

स्वच्छ आवाज खरोखरच मोठा हवा असेल तर स्पीकरकडे पाहावे. एका वॅटला एक मीटरवर ९७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी १०० डेसिबल देणारा लावला, तर ॲम्पची ताकद दुप्पट केल्यासारखे होते आणि आत काहीही उघडावे लागत नाही. फक्त स्पीकर किती वॅट सोसतो ते पाहावे. सेलेस्टियनचा अल्निको ब्लू १०० डेसिबल देतो आणि फार गोड वाजतो, पण त्याची मर्यादा १५ वॅट आहे. २२ वॅटच्या ॲम्पला तो एकटा लावू नये.

गोदाकाठ

व्हॉक्स कंपनीच्या एसी३० प्रकारच्या ॲम्पमध्ये चार ईएल८४ पॉवर ट्यूब असतात आणि तिथला उजळपणा अगदी वेगळा, घंटेसारखा असतो. मधले स्वर भरलेले राहतात. फेंडरच्या आराखड्यात ४०० ते ५०० हर्ट्झच्या आसपास जो खळगा असतो, तो तिथे तसा नाही. भावगीतात गायकाचा आवाज त्याच पट्ट्यात असल्याने, धागाकर्त्यांसाठी फेंडरचा खळगाच अधिक उपयोगी आहे असे मला वाटते.

जवारी

मी तानपुरा वाजवते आणि गिटारही वाजवते. इथल्या चर्चेत एक गृहीत धरले जात आहे, त्याबद्दल मला आदराने वेगळे म्हणायचे आहे. सर्वांचा प्रयत्न ॲम्पला फाटण्यापासून जितके दूर नेता येईल तितके नेण्याचा दिसतो. तानपुऱ्याची घोडी नुसती सपाट असती, तर तार स्वच्छच वाजली असती, पण तिच्यात तेज आले नसते. कारागीर घोडीला अगदी थोडा उतार देतो, त्यावर तार घासत झंकारते आणि वरचे स्वयंभू स्वर उमटतात. तारेखाली सूत सरकवत तो बिंदू शोधावा लागतो. एका बाजूला आवाज बसका होतो, दुसऱ्या बाजूला खरखरीत.

ट्यूब ॲम्पमध्येही असा बिंदू आहे. माझ्या ॲम्पवर तो व्हॉल्यूम साडेतीनला येतो. हलक्या हाताने छेडले तर अगदी निर्मळ, आणि नखाचा जोर वाढवला तर स्वराच्या कडेला किंचित दाणा दिसतो. २ वर ठेवलेला स्वर माझ्या कानाला स्वच्छ असतो, पण लखलखीत नसतो.

मडगावचो_गितारिस्त

ताई, हे शंभर टक्के पटले. रिव्हर्बही मी त्याच हाताने लावतो. बंद केल्यावर काहीतरी गेले असे वाटावे, पण चालू असताना वेगळा ऐकू येऊ नये. माझ्याकडे तो अडीचवर बसतो.

जुना_रेडिओ

जवारीताईंचे म्हणणे शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे. ट्रायोड नळी मर्यादेच्या अलीकडेच थोडे दुसरे स्वयंभू स्वर, म्हणजे मूळ स्वराचे वरचे सप्तक, मिसळू लागते आणि कानाला ते गोडच लागते. तेव्हा धागाकर्त्यांनी फाटण्याची जागा आधी शोधावी आणि तिथून थोडे मागे यावे.

याच अनुषंगाने बायसबद्दल, म्हणजे पॉवर ट्यूबमधून शांत असतानाही वाहणारा प्रवाह ठरवण्याबद्दल लिहितो. ६व्ही६ फार थंड, म्हणजे फार कमी प्रवाहावर चालवली तर हळू आवाजातसुद्धा कोरडी खरखर येते. एक नळी तिच्या १२ वॅट मर्यादेच्या ७० टक्के, म्हणजे ८.४ वॅटवर चालावी. प्लेटवर ४१० व्होल्ट असतील तर एका नळीतून सुमारे २० मिलिॲम्पिअर यावेत. हे मोजण्याचे काम माहितगाराकडूनच करून घ्यावे. ॲम्पच्या पोटात ४०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. माझ्या उमेदीच्या काळात एका रेडिओने मला बाकावरून खाली पाडले होते, आणि तो बंद होता. तसेच स्पीकर जोडलेला नसताना ॲम्प कधीही वाजवू नये. आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

कोथरूडची_तार

तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण प्रत्यक्ष कार्यक्रमात वाजवून झाल्याशिवाय लिहायचे नाही असे ठरवले होते.

तापकीर गल्लीतून ५०० व्हीएचा जड ट्रान्सफॉर्मर आणला. जुना कन्व्हर्टर काढण्यापूर्वी मल्टिमीटर लावून पाहिला, तर ॲम्प चालू असताना तो १०९ च्या आसपासच व्होल्ट दाखवत होता. नव्यावर ११९ मिळतात.

मग पिकअप. शेवटच्या पट्टीवर तार दाबून मोजले तर गळ्याकडच्या हंबकरचे अंतर खर्जाच्या बाजूला जेमतेम दीड मिलिमीटर होते. स्क्रू पाव-पाव वळण फिरवत ते ३ मिलिमीटरवर नेले आणि प्रत्येक पाव वळणाला तीच कॉर्ड वाजवली. दुसऱ्या पूर्ण वळणाच्या सुमारास खर्जाच्या तारांचा फुगवटा उतरला आणि मधल्या तारा एकदम पुढे आल्या. बारीक तारांच्या बाजूला मात्र पिकअप होता तसाच ठेवला. जवारीताईंनी लिहिलेला बिंदू मी असाच शोधला: बेस ३, ट्रेबल साडेपाच, रिव्हर्ब अडीच ठेवून व्हॉल्यूम फाटेपर्यंत वर नेला आणि तिथून अर्धा आकडा मागे घेतला. माझ्याकडे तो पावणेपाचला आला. रेडिओकाकांनी सांगितलेला कपॅसिटर आणि रोधही बसवले, त्यामुळे गायिका हळू गाते तेव्हा गिटारचा व्हॉल्यूम ६ वर नेला तरी चमक टिकते.

जुना_रेडिओ

उत्तम. १०९ चे ११९ झाल्याने आवाज विशेष वाढणार नाही, जेमतेम पाऊण डेसिबल. पण नळ्यांच्या तंतूंना ६.३ व्होल्टच्या जवळ मिळू लागले, हे त्यांच्या आयुष्यासाठी फार चांगले झाले. गिटार जोडायला ॲम्पचे इनपुट १ वापरता की २?

कोथरूडची_तार

काका, १ च वापरतो. हंबकरसाठी २ लावून पाहू का?

जुना_रेडिओ

जरूर पाहावे. दुसऱ्या इनपुटवर ६८ किलोओमचे दोन रोध संकेत निम्मा करतात, म्हणजे ६ डेसिबल कमी. पण तिथे पिकअपवर १० लाख ओमऐवजी फक्त १३६ किलोओमचा भार पडतो आणि ट्रेबल थोडा दबतो. पिकअप खाली घेतल्यानंतर आपल्याला बहुधा १ च आवडेल.

कोथरूडची_तार

आत्ता दोन्ही वाजवून पाहिले. २ वर आवाज मऊ आहे, पण वाऊंड तारांची ती बारीक खसखस नाहीशी होते. १ वरच राहतो. शनिवारी कार्यक्रमात तबलजी ॲम्पच्या बरोबर समोर बसले होते. मध्यंतरात त्यांनी स्वतःहून विचारले की ॲम्प बदललास का.